कागद चोख, रुग्ण वाऱ्यावर: सरकारी व्यसनमुक्ती यंत्रणा चालवताना या चुका टाळा

सरकारी पैशावर चालणाऱ्या व्यसनमुक्ती यंत्रणेतला घोटाळा बाहेर आला की पहिला प्रश्न येतो, पैसे कोणी खाल्ले? तो विचारायलाच हवा. पण अशा बहुतेक प्रकरणांत पैसा जाण्याच्या कितीतरी आधी खात्याचं लक्ष उडालेलं असतं. खाटा भरलेल्या, देयकं मंजूर, तपासणी अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा. आणि गेल्या महिन्यात केंद्रातून घरी गेलेल्या माणसाचं आज काय चाललंय, हे सांगू शकेल असं खात्यात कोणीही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या जागतिक अमली पदार्थ अहवालानुसार, २०२२ साली जगभरात सुमारे ६.४ कोटी लोकांना अमली पदार्थांच्या सेवनामुळे होणारा विकार होता. त्यांपैकी ११ जणांत एकालाच उपचार मिळत होते. इतक्या अडथळ्यांतून जो दारापर्यंत पोहोचला, त्याला आत आल्यावर गमावणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे. व्यवस्थापनाच्या चुका मी याच मापाने मोजतो.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: डिस्चार्ज म्हणजे यश

बहुतेक खात्यांचा मासिक अहवाल किती दाखल, किती 'उपचार पूर्ण' आणि किती खाटा भरलेल्या या तीन आकड्यांवर चालतो. तिन्ही आकडे केंद्राच्या दाराशी संपतात. आजार मात्र तिथे संपत नाही. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा, दीर्घकाळ चालणारा आजार आहे. उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोकांमध्ये तो कधी ना कधी उलटतो. दमा किंवा उच्च रक्तदाब उलटण्याचं प्रमाणही साधारण असंच आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेची तत्त्वं सांगतात की निवासी किंवा बाह्यरुग्ण उपचार ९० दिवसांपेक्षा कमी असतील तर त्यांचा परिणाम मर्यादितच राहतो, आणि मेथाडोन या हेरॉइनसारख्या अफूवर्गीय व्यसनावरच्या औषधाच्या उपचारांना किमान १२ महिने द्यायला हवेत. तरीही अनेक ठिकाणी अनुदान ठरतं ते दोन-तीन आठवड्यांच्या डिटॉक्सवर, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याच्या पहिल्या टप्प्यावर. तेवढे दिवस भरले की 'यशस्वी' असा शिक्का बसतो.

अफूवर्गीय पदार्थांच्या बाबतीत हा शिक्का जिवावर बेततो. काही आठवडे हेरॉइन बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर पडल्यावर माणसाने जुन्याच मापाने एकदा जरी घेतलं, तर श्वास थांबू शकतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांमधून सुटलेल्या लोकांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिसेवनाने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट होता. तुरुंग आणि उपचार केंद्र या वेगळ्या जागा आहेत, पण शरीराला तो फरक कळत नाही. म्हणजे डिटॉक्स पूर्ण करून, पुढच्या औषधाची सोय न लावता, नॅलोक्सोन हा अतिसेवनावरचा उतारा हातात न देता घरी पाठवलेला माणूस त्या पंधरवड्यात सगळ्यात जास्त धोक्यात असतो. आणि आपल्या अहवालात तो 'उपचार पूर्ण'च्या रकान्यात जमा असतो.

यावरचा उपाय महागडा नाही. मासिक अहवालात चार रकाने वाढवा: डिस्चार्जनंतर सात दिवसांत पुढची भेट किती जणांची झाली, ३० दिवसांनी किती जण उपचारांत टिकून आहेत, ९० दिवसांनी किती आणि वर्षभरात किती मृत्यू झाले. शेवटच्या रकान्याला सगळे घाबरतात, म्हणून त्याची पद्धत आधीच ठरवून टाका. प्रत्येक मृत्यूनंतर कोणाला तरी दोषी धरायला बसलात, तर पुढच्या वेळी मृत्यू कळवलाच जाणार नाही. साखळी कुठे तुटली हे शोधायला बसलात, तर कळवला जाईल. आणि एक सावधगिरी: केवळ टिकून राहण्याच्या आकड्यावर अनुदान बांधलं, तर केंद्रं सोपे रुग्ण निवडू लागतात. बेघर, मानसिक आजार असलेला, चौथ्यांदा परत आलेला माणूस दारातूनच परत जातो. म्हणून कोणाला नाकारलं आणि का नाकारलं, याचीही नोंद मागवा.

चूक दुसरी: देयक आलं म्हणजे सेवा मिळाली असं धरून चालणं

२०१३ साली कॅलिफोर्नियात शोधपत्रकारांनी तिथल्या सरकारी निधीच्या व्यसनमुक्ती योजनेतला गैरव्यवहार उघड केला. काही केंद्रं न आलेल्या रुग्णांच्या नावाने समुपदेशनाची देयकं लावत होती. काही ठिकाणी व्यसनच नसलेली मुलं रुग्ण म्हणून नोंदवली गेली होती. त्यानंतर राज्याने अनेक केंद्रांचे पैसे रोखले. अशी फसवणूक कागदावर दिसत नाही असं म्हणतात, पण नीट पाहिलं तर ती कागदावरच दिसते. फक्त देयकांऐवजी फाइल उघडावी लागते.

गटसमुपदेशनाचा हजेरीपट घ्या. तीस सह्या, सगळ्या एकाच शाईच्या, एकाच कलाच्या, आणि खोलीत खुर्च्या बारा. रुग्णाच्या नोंदी सलग वाचा. दहा आठवडे 'रुग्ण सहकार्य करतो, प्रगती समाधानकारक' एवढंच वाक्य असेल, तर ते समुपदेशन झालेलं नाही किंवा झालं असेल तर कोणी ऐकलेलं नाही. उपचार आराखडे शेजारी शेजारी ठेवा. बाईच्या फाइलमध्ये 'त्याला पत्नीकडून पाठिंबा आहे' असं सापडलं की मजकूर कुठून उचललाय हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एका समुपदेशकाच्या नावावर एका दिवसात लावलेले तास जोडून बघा, कधी कधी बेरीज चोवीसच्या पुढे जाते. आणि सगळ्यात खात्रीची तपासणी म्हणजे यादीतली काही नावं स्वतः निवडून त्यांच्याशी, त्यांच्या संमतीने, थेट बोलणं. 'गेल्या मंगळवारी काय झालं?' एवढ्या एका प्रश्नात पुष्कळ कळतं.

मात्र खोटी देयकं हा यातला अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा खुद्द खात्याच्या आत घडतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात २०१९ साली असं निघालं की मानव सेवा विभागाने दोन आदिवासी समुदायांना अफूवर्गीय व्यसनावरच्या उपचारांसाठी सुमारे २.९ कोटी डॉलर जादा दिले होते. रुग्ण घरी नेऊन घेत असलेल्या औषधाच्या दिवसांसाठीही प्रत्यक्ष भेटीचा दर लावला गेला होता, तोही वर्षानुवर्षं. या समुदायांनी फसवणूक केली नव्हती, ते विभागाच्याच सल्ल्यावर विसंबून होते. विधिमंडळाच्या लेखापरीक्षकाने चौकशी केली तेव्हा हा निर्णय कोणी, कधी आणि का घेतला, हे विभागातलं कोणीही सांगू शकलं नाही. निर्णयाचा कागदच नव्हता.

मला हे प्रकरण चोरीपेक्षाही जास्त अस्वस्थ करतं. चोर सापडला की पकडता येतो. इथे पकडायला कोणी नव्हतं. दराबाबतचा प्रत्येक खुलासा, मग तो फोनवर दिलेला का असेना, त्याच आठवड्यात लेखी नोंदवा: प्रश्न काय होता, कोणी उत्तर दिलं, कोणत्या नियमाच्या आधारे, कोणी मंजूर केलं. ही एक शिस्त नसेल, तर अधिकारी बदलला की खात्याची आठवणही त्याच्याबरोबर जाते.

याच्या जोडीला आणखी एक खोट असते. परवाना देणारं, पैसे देणारं आणि तपासणारं टेबल एकच असतं. ज्याच्या कामगिरीचं मोजमाप 'किती केंद्रं सुरू केली' यावर होतं, तोच केंद्र बंद करण्याची शिफारस करेल अशी अपेक्षा धरू नका. तपासणी निदान वेगळ्या वरिष्ठाच्या हाताखाली द्या. भेटी न सांगता द्या, आणि त्यातल्या काही रात्री.

रात्री केंद्रात कोण असतं?

दारूच्या विड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू अचानक तोडल्यावर होणाऱ्या त्रासात, झटके साधारण शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत येतात. भ्रम, थरथर, ताप, भास अशी गंभीर अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते आणि तिच्यात मृत्यू होऊ शकतो. हे वेळापत्रक कार्यालयीन वेळ पाळत नाही. सोमवारी दुपारी दाखल झालेल्या माणसाची खरी परीक्षा बुधवार-गुरुवारच्या रात्री असते आणि नेमक्या त्या वेळी अनेक केंद्रांत एक रखवालदार आणि एक जुना रुग्ण एवढेच जागे असतात. तपासणी मात्र सकाळी अकराला होते, डॉक्टर हजर असताना.

रात्रपाळीचा हजेरीपट मागवा. रात्री दोनच्या नाडी, रक्तदाबाच्या नोंदी मागवा. सगळ्या रुग्णांचा रक्तदाब रोज १२०/८० असेल, तर तो कोणी मोजलेला नाही. झटका आला तर कोणतं औषध, कोणाच्या परवानगीने, कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या गाडीने, हे भिंतीवर लिहिलेलं आहे का, ते पहा. आणि हे रात्री हजर असलेल्या माणसाला विचारा, संचालकाला नको.

औषधाच्या कपाटाशी होणाऱ्या दोन उलट चुका

मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५पासून आहेत. ती चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण ठळकपणे घटतं, आणि थांबवल्यावरच्या पहिल्या चार आठवड्यांत धोका एकदम वाढतो. तरी कपाटाची शिस्त ढिली असली की औषध बाहेर विकलं जातं. रोज उघडणीचा साठा, वाटप, सांडलवंड आणि शिल्लक दोघांच्या सहीने जुळलं पाहिजे, आठवड्याच्या शेवटी एकदम नाही.

गळती सापडली की दुसरी चूक सुरू होते. खातं घाबरतं आणि सगळ्यांचं घरी न्यायचं औषध बंद करतं. मग नोकरी सांभाळणाऱ्या माणसाला रोज रांगेत उभं राहावं लागतं आणि आठवड्याभरात तो येणंच सोडतो. याहून वाईट म्हणजे शिस्त मोडली म्हणून डोस कापणं. उशिरा आला, भांडला, तर आज अर्धं औषध. मधुमेह्याचं इन्सुलिन कोणी असं कापत नाही. डोस फक्त वैद्यकीय कारणाने बदलेल, हे करारातच लिहा आणि डोसातल्या प्रत्येक कपातीचं कारण तपासा.

लघवीच्या चाचणीबद्दलही तेच. कागदी पट्टीची चाचणी ही चाळणी आहे, निकाल नाही. अफूवर्गीय पदार्थांची नेहमीची पट्टी फेंटानिल (कृत्रिम अफूवर्गीय पदार्थ) किंवा मेथाडोन पकडत नाही, आणि काही साध्या औषधांनीही खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. पुष्टी करणारी प्रयोगशाळेतली चाचणी झाल्याशिवाय त्यावरून कोणाला केंद्रातून काढू नका. आणि ज्या केंद्रात चाचण्यांचं देयक समुपदेशनाच्या देयकापेक्षा मोठं आहे, तिथे आधी जा.

तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे?

ती केंद्रप्रमुखाकडे असेल, तर पेटी रिकामीच असणार. कोंडून ठेवणं, मारहाण, उपचारांच्या नावाखाली राबवून घेणं हे प्रकार याच रिकाम्या पेटीमागे लपतात. मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या १२ संस्थांनी एकत्र येऊन सक्तीची व्यसनमुक्ती कोठडी केंद्रं बंद करा असं आवाहन केलं होतं. तक्रारीचा फोन केंद्राबाहेरच्या माणसाकडे गेला पाहिजे, आणि रुग्णाला तो एकांतात करता आला पाहिजे. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांशीही बोला. एका समुपदेशकाकडे साठ-सत्तर रुग्ण दिले की चांगली माणसं आधी जातात, आणि जाताना त्यांना सगळं माहीत असतं.

कारवाई करताना होणारी चूक

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात मे २०२३ मध्ये राज्याने शंभरहून अधिक सेवादात्यांचे पैसे रोखले. मूळनिवासी लोकांना उपचारांच्या आमिषाने तथाकथित सोबर घरांमध्ये, म्हणजे व्यसनमुक्त राहण्यासाठीच्या निवासांमध्ये, आणून त्यांच्या नावावर देयकं लाटली जात होती. कारवाई गरजेचीच होती. पण पैसे थांबताच घरं बंद झाली आणि आत राहणारे अनेक जण, स्वतःच्या गावापासून दूर, रस्त्यावर आले. राज्याला घाईघाईने मदतीचा फोन आणि तात्पुरता निवारा उभारावा लागला.

म्हणून परवाना निलंबित करण्याच्या आदेशाआधी काही कागद तयार हवेत. आज आत कोण कोण आहे त्याची खरी यादी, जी केंद्राने दिलेली नसावी, आपल्या माणसाने खोली-खोलीतून फिरून केलेली असावी. प्रत्येकाच्या चालू औषधाचं आणि शेवटच्या डोसच्या वेळेचं पत्र. त्याला त्याच दिवशी घेणाऱ्या दुसऱ्या केंद्राचा लेखी होकार. घरी जायचं असेल त्याच्यासाठी प्रवासाची सोय आणि नॅलोक्सोन. आदेश बजावणाऱ्या पथकात पोलीस आणि लेखापरीक्षक असतातच, एक परिचारिका आणि एक समुपदेशकही न्या. आणि आदेश सकाळी बजावा, शुक्रवारी संध्याकाळी नको, म्हणजे दुसरी केंद्रं आणि औषधालयं उघडी असताना लोकांना हलवता येईल.