वॉरगेमचे नियम आणि तुकड्यांची यादी अपडेट करताय? या चुका टाळा

एखाद्या तुकडीबद्दल तक्रार आली की हात आधी तिच्या पॉइंटकडे, म्हणजे ती सैन्यात घ्यायला मोजाव्या लागणाऱ्या किमतीकडे जातो. घोडदळ कोणी घेत नाही? ९० पॉइंटांचे ८० करा. तिरंदाज जड जातात? पाच पॉइंट वाढवा. यादीतला आकडा बदलणं सगळ्यात सोपं, म्हणून तोच बदलला जातो, आणि पुढच्या काही डावांत तीच तक्रार दुसऱ्या तुकडीच्या नावाने परत येते. आमच्या गटाच्या मिनिएचर वॉरगेमचं, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून फाशांनी लढायच्या खेळाचं नियमपत्रक मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. आकडा खरोखर चुकलेला असतो असे प्रसंग येतात, पण त्याहून जास्त वेळा दुखणं भलतीकडे असतं.

घोडदळाचंच बघा. समजा तिरंदाजांचा पल्ला २४ इंच, घोडदळाची चाल १२ इंच आणि डावाच्या सुरुवातीला दोन सैन्यांत ३० इंच अंतर आहे. पहिल्या पाळीत घोडे पुढे येतात आणि पल्ल्यात सापडतात. दुसऱ्या पाळीत अजून पुढे, पुन्हा बाण. तिसऱ्या पाळीत ते भिडतात तेव्हा तुकडी विरळ झालेली असते. हेच अंतर २४ इंच केलं, तर घोडदळ दुसऱ्याच पाळीत भिडतं आणि बाणांची एक फैर कमी होते. तुकडीच्या कार्डाला, म्हणजे तिचे आकडे आणि नियम लिहिलेल्या पत्त्याला, हातही न लावता तिची किंमत बदलली. टेबलावर आडोसा देणारी टेकडी किंवा झाडी किती आहे, डाव किती फेऱ्यांचा आहे, मोक्याच्या जागा फक्त पायदळालाच ताब्यात घेता येतात का, हे सगळं घोडदळाच्या पॉइंटांत न दिसणारं पण त्यांच्याइतकंच महत्त्वाचं आहे. तक्रार आली की आधी त्या खेळाडूचा पुढचा डाव शेजारी उभं राहून बघा. तुकडी कुठल्या पाळीत, कशामुळे पडली, एवढं टिपलं तरी अर्धं निदान होतं.

पॉइंट कमी केल्याने आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. ज्या खेळांत दोन्ही खेळाडू आळीपाळीने एकेक तुकडी हलवतात, तिथे तुकड्यांची संख्या हीच एक ताकद असते. माझ्याकडे १२ तुकड्या आणि समोरच्याकडे ८ असतील, तर त्याच्या सगळ्या तुकड्या हलून झाल्यावर माझ्या चार तुकड्या बिनउत्तर हलतात. म्हणून अगदी साध्या, दुबळ्या तुकडीचे पॉइंट उतरवले की ती लढायला नाही, नुसती वाट बघायला घेतली जाते. इथे इलाज पॉइंटांत नाही. तुकड्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी, किंवा कमी तुकड्या असलेल्याला पाळी सोडून देण्याची मुभा द्यावी.

+१ सगळीकडे सारखा नसतो

प्रत्येक +१ सारखाच धरणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. सहा बाजूंच्या फाशावर चिलखताचा बचाव ५+ होता, म्हणजे ५ किंवा ६ पडले तर वार वाया, आणि तुम्ही तो ४+ केला. आधी सहापैकी चार वार आत शिरत होते, आता तीन शिरतात. नुकसान पाव हिश्शाने घटलं. आता दुसऱ्या तुकडीचा बचाव ३+ वरून २+ वर आणा. आधी सहापैकी दोन वार आत शिरत होते, आता एकच शिरतो. नुकसान थेट निम्मं, म्हणजे तुकडी दुप्पट टिकणार. दोन्ही ठिकाणी अपडेटमध्ये मात्र ‘चिलखत +१’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि दोन्हीला सारखेच पॉइंट लावलेले असतात.

त्यावर री-रोल आला की गणित आणखी ताणतं. ४+ बचावाला चुकलेला फासा पुन्हा टाकायची सवलत दिली तर चारातला एक वार आत जातो. हीच सवलत २+ वाल्याला मिळाली तर ३६ वारांत एक. अशी तुकडी टेबलावर आली की समोरचा खेळाडू तिच्याशी लढणंच सोडून देतो. दोन फाशांच्या बेरजेवर चालणाऱ्या नियमांतही हेच होतं: ८ किंवा जास्त लागत असताना ३६ पैकी १५ शक्यता असतात आणि ७ केल्यावर २१ होतात, पण ११ चं १० केलं की ३ च्या थेट ६.

उपाय किचकट नाही, वेळखाऊ आहे. प्रत्येक तुकडीसमोर तिचा मूळ बचाव न लिहिता सेनापती, ढाल, आडोसा, मंत्र असं सगळं मिळून जास्तीत जास्त कुठपर्यंत जाऊ शकतो ते लिहा. अपडेटचा बदल त्या शेवटच्या आकड्यावर तपासा. आणि ‘१ पडला की नेहमीच अपयश’ हा नियम तुमच्या पत्रकात नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तो आधी घाला.

याच्याच जोडीला, मारा आणि टिकाव यांची किंमत बेरजेने लावू नका. तुकडी एकूण किती नुकसान करते? दर पाळीचा मारा गुणिले ती जितक्या पाळ्या जिवंत राहते तितक्या. मारा दुप्पट आणि टिकाव दुप्पट झाला तर तिचं काम चौपट झालं. तुकडीतल्या सैनिकांच्या संख्येचंही तसंच. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्लिश इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या काळात वर्गाचा नियम मांडला होता: सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील तर बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. या हिशोबाने सारख्याच कुवतीचे २० तिरंदाज विरुद्ध १० असा सामना झाला, तर शेवटी १० नव्हे, सुमारे १७ उरतात. तेव्हा ‘तुकडीत १० ऐवजी २० पर्यंत तिरंदाज चालतील’ असं वाक्य यादीत घालताना दर तिरंदाजामागचे पॉइंट तेच ठेवलेत, तर मोठी तुकडी स्वस्तात दिलीत. हातघाईच्या भालाइतांना हे तितकं लागू नाही, कारण तिथे पुढची रांगच लढते.

आणि रांग म्हटलं की बेस, म्हणजे सैनिकाच्या पायाखालची चकती, आलाच. पाच सैनिक खांद्याला खांदा लावून २५ मिलिमीटरच्या बेसवर १२५ मिलिमीटर जागा घेतात, ३२ च्या बेसवर १६०. समोर किती शत्रू भिडू शकतात, सेनापतीच्या ६ इंचांच्या प्रभावात किती जण बसतात, अरुंद घाटातून तुकडी जाते का, सगळं बदलतं. बेसचा आकार बदलणं म्हणजे नियम बदलणं, आणि त्यात लोकांच्या रंगवून ठेवलेल्या पलटणी आहेत. एका सैनिकावर संध्याकाळ घालवलेली असते. वॉरहॅमर एज ऑफ सिग्मार हा मिनिएचर वॉरगेम २०१५ मध्ये आला तेव्हा चौकोनी बेसची जागा गोल बेसनी घेतली. २०२४ मध्ये वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड चौकोनी बेस घेऊन आला, पण मानवी पायदळाच्या बऱ्याच तुकड्यांचे बेस २० चे २५ मिलिमीटर झाले. जुन्या पलटणी मोडाव्या लागू नयेत म्हणून खेळाडू मधे फटी ठेवलेले ट्रे वापरतात, म्हणजे २० चा सैनिक २५ ची जागा व्यापतो. तुमच्या अपडेटमध्येही अशी सोय लिहूनच ठेवा. यादीतून एखादी तुकडी काढायचीच असेल तर तिच्या नावापुढे ‘आता अमुक तुकडी म्हणून खेळवा’ ही ओळ हवी. ती ओळ नसलेली यादी मी बाहेर जाऊ देत नाही.

शब्द सैल सुटले की

नियमावरून होणारी भांडणं फार वेळा शब्दाची असतात. मराठीत नियम लिहिणाऱ्यांनी ‘फेरी’ आणि ‘पाळी’ यांची गल्लत सगळ्यात आधी थांबवावी. दोन्ही खेळाडूंच्या पाळ्या झाल्या की एक फेरी. ‘फेरी संपेपर्यंत +१’ आणि ‘पाळी संपेपर्यंत +१’ यांत समोरच्याच्या सगळ्या प्रतिहल्ल्याचा फरक पडतो. तसंच ‘हल्ला’. आम्ही एकदा घोडदळाला ‘हल्ला करताना +१’ असं लिहिलं. मनात होती ती चढाई, म्हणजे धावत जाऊन भिडणं. पण पत्रकात इतरत्र ‘हल्ला’ हा शब्द प्रत्येक वाराला वापरला होता, त्यामुळे घोडेस्वारांच्या धनुष्यांनाही तो +१ मिळाला आणि तो डाव दोन फेऱ्यांत संपला. एका अर्थाला एकच शब्द, आणि तो शब्द दुसऱ्या अर्थाने कुठेच नाही.

‘६ इंचांच्या आत’ हेही असंच फसवं आहे. तुकडीतला एक सैनिक आत असला तर चालेल, की सगळी तुकडी आत हवी? दोन्ही नियम चांगले आहेत, पण कुठला ते प्रत्येक ठिकाणी लिहायला हवं. ‘करता येईल’ आणि ‘करावंच लागेल’ यांचंही तेच.

‘भीतिदायक’, ‘चपळ’ असे जे सामायिक नियम अनेक तुकड्यांना लागू असतात, त्यांना हात लावण्याआधी ते कुणाकुणाला लागू आहेत याची यादी काढा. एका राक्षसासाठी ‘भीतिदायक’ कडक केला आणि त्याच वेळी स्वस्तातल्या सांगाड्यांची पलटण अजिंक्य झाली, असं सहज होतं. तो बदल एकाच तुकडीसाठी हवा असेल तर तिच्या कार्डावर वेगळा नियम द्या.

कार्डांवरून आठवलं: पॉइंट कार्डावर छापू नका. नियम क्वचित बदलतात, पॉइंट वारंवार. एक्स-विंग या स्टार वॉर्सच्या अंतराळजहाजांच्या खेळाची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली तेव्हा पॉइंट कार्डांवरून काढून बाहेर ठेवले गेले, शिवाय जुन्या जहाजांसाठी नवी कार्डं आणि डायल (जहाजाची चाल निवडायची चकती) असलेले कन्व्हर्जन किट निघाले. ही दोन्ही पावलं छोट्या गटालाही परवडणारी आहेत.

सात-तीनने फसू नका

नवी यादी घेऊन दहा डाव खेळलात, एका सैन्याने सात जिंकले. लगेच त्याचे पंख छाटायचे? दोन्ही सैन्यं अगदी तुल्यबळ असली तरी दहा डावांत ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल साधारण ३४ टक्के वेळा लागतो. फाशांच्या खेळात इतक्या कमी डावांवर हार-जीत फार काही सांगत नाही. त्यापेक्षा प्रत्येक तुकडीने स्वतःच्या किमतीच्या तुलनेत किती पॉइंटांचं नुकसान केलं आणि ती कुठल्या पाळीत पडली, हे लिहा. एका डावातून दहा-बारा नोंदी मिळतात. सैन्यं अदलाबदल करून खेळा, नाहीतर तुम्ही तुकडी नव्हे, खेळाडू मोजाल. पहिली पाळी कुणाची होती तेही टिपा. आणि एका वेळी एकाच प्रकारचा बदल तपासा. चाल, पल्ला आणि पॉइंट एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कुणालाच सांगता येणार नाही.

एखादा तरी डाव असा ठेवा जिथे पत्रक न लिहिलेले दोघे खेळतील आणि तुम्ही गप्प बसाल. ते नियम चुकीचा वाचतील, तेव्हा सांगायचा मोह आवरा आणि ती ओळ अधोरेखित करा.

आवृत्तीचं थोडक्यात: प्रत्येक पानावर क्रमांक आणि तारीख, जुनी प्रत जपून, आणि सुरुवातीच्या एका पानावर ‘आधी काय होतं, आता काय आहे’. चालू मोहिमेच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या डावांच्या मालिकेच्या, मधे अपडेट लावू नका.

एवढं करूनही नवी यादी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी भयंकर जोडी सापडेल. त्या रात्री पत्रक उघडू नका. फक्त तीच जोडी, म्हणजे तो सेनापती आणि ती तुकडी एकत्र, तात्पुरती बंद करा. दोन्ही स्वतंत्रपणे चालू ठेवा. अर्थाचा खुलासा आणि नियमातला बदल यांची टिपणं वेगवेगळी ठेवा, कारण खुलासा मागच्या डावांनाही लागू होतो आणि बदल पुढच्याच. मग पुढचं अपडेट काढाल तेव्हा त्या बंदीचा निकाल लावा, आणि यादीत ‘तात्पुरतं’ हा शब्द एकाही तुकडीपुढे उरला नाही ना, ते छापण्याआधी बघा.