जिवाणू खतं वापरूनही जमीन सुधारत नाही? या चुका टाळा

रायझोबियमची (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची) पुडी आणली, शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळली, पाचट म्हणजे उसाची वाळलेली पानं कुजवायचं जिवाणूंचं कल्चरही टाकलं, तरी रान आहे तसंच. ऊस-सोयाबीनच्या पट्ट्यात ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि तिच्यामागोमाग ‘हे सगळं थोतांड आहे’ असा निकालही लागतो. बाजारात थोडंफार थोतांड आहेच. पण चांगल्या कंपनीचा मालही पुष्कळदा आपल्याच हातून वाया जातो, कारण पुडीत जिवंत जीव आहेत हे विसरून आपण ती युरियासारखी वापरतो.

जुनी, तापलेली पुडी

भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलीलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असा खत नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पुडीत त्यातले किती उरत असतील, याचा अंदाज बांधा. तेव्हा अंतिम तारीख तर बघाच, पण माल ठेवलाय कुठे तेही बघा. घरी आणल्यावर सावलीत, थंड जागी ठेवा. खताच्या किंवा औषधाच्या पोत्यांजवळ नको.

बीजप्रक्रियेचा उलटा क्रम

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू, हा क्रम. बाजारातलं बियाणं बऱ्याचदा औषध लावूनच येतं, तेव्हा पिशवीवरचा मजकूर वाचा, नाहीतर तेच औषध दुसऱ्यांदा बसतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा. घाईत गरम पाण्यात पुडी सोडली तर जिवाणू तिथंच मरतात. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पुरतं. सोयाबीनची साल नाजूक असते, त्यामुळे जोरात चोळू नका. हलक्या हाताने लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

पिकानुसार रायझोबियम बदलतं. हरभऱ्याची उरलेली पुडी सोयाबीनला चालत नाही. ऊस किंवा ज्वारीला तर रायझोबियमच नको. उसाला अ‍ॅसिटोबॅक्टर, ज्वारीला अ‍ॅझोटोबॅक्टर, हे गाठी न करता नत्र बांधणारे जिवाणू.

रायझोबियमचं काम झालं की नाही हे शेतातच कळतं. पीक फुलावर येताना दोन-चार झाडं खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं पाण्यात हळूच धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर नत्र बांधलं जातंय. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती नावाला आहे. गाठीच नसतील तर पुडी मेलेली होती, किंवा तुम्ही युरिया जास्त टाकलाय. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी धरायच्या भानगडीत पडत नाही.

कोरड्या पाचटावर कल्चर

उसाचं हेक्टरी ८ ते १० टन पाचट आपण काडी लावून मोकळे होतो. शेजारच्या उसात आग शिरली तर भांडण होतं ते वेगळंच. पाचट ठेवणारेही एक चूक हमखास करतात, कल्चर टाकतात पण युरिया वाचवतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. मग कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढतात आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारा ऊस) पिवळा पडतो. दोष मात्र कल्चरला.

एकरी ४ टन पाचट धरलं तर ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो कल्चर लागतं. आधी खोडकी (उसाचे उरलेले बुडखे) जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, खतं पसरा, मग कल्चर शेणखतात कालवून विस्कटा आणि पाणी द्या. खत आणि कल्चर एकाच बादलीत कालवू नका. ओल टिकली नाही तर काहीच कुजणार नाही.

चोपण रानावर पुडीचा उतारा

सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठी पाटपाण्याचा अतिरेक झाल्याने जमिनी खारवटल्या, चोपण (सोडियम वाढून घट्ट, पाणी न मुरणाऱ्या) झाल्या. तिथं आधी निचरा हवा आणि मातीच्या अहवालात चोपण निघालं तर जिप्समही. पाणी तुंबलेल्या रानात जिवाणू खतावर खर्च करू नका.

बीटीच्या भरवशावर बेफिकिरी

जिवाणूंच्या बाबतीत अशीच बेफिकिरी कापसातही झाली. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, २००२ साली आला. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणं यायचं. ते चारही बाजूंनी लावायचं होतं, म्हणजे बीटीवर वाचलेल्या पतंगांचा बिगरबीटीवर जगलेल्या पतंगांशी संकर होऊन अळीत प्रतिकारशक्ती लवकर पसरली नसती. बहुतेकांनी ते बांधावर फेकलं. त्यात फरदड (वेचणी संपल्यावर तेच पीक पाणी देऊन पुढे ठेवणं) घेऊन अळीला महिनोन्‌महिने खायला घातलं. शेवटी २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला.

आता फुलं उघडायच्या वेळी डोमकळ्या शोधा: पाकळ्या गुंडाळल्यासारख्या, न उमललेल्या, आत अळी. दिसताच तोडून नष्ट करा. हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज ८ किंवा जास्त पतंग आले तरच फवारणीचा विचार करा. डिसेंबरअखेर शेत मोकळं करा आणि पऱ्हाट्यांचे (कापसाच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग पुढच्या पेरणीपर्यंत बांधावर ठेवू नका, राहिलेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून असते.