कडाक्याच्या थंडीत पेलेट शेगडीची ऊब वाढेना: माझा अनुभव
पौषातील थंडीत शेगडीचा फीड (दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, आत पडण्याचा वेग) सर्वांत वरच्या अंकावर ठेवूनही कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमधील तापमान 26 अंशांपुढे जात नव्हते. ज्योत लालसर व सुस्त होती, आणि राखेत पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) अर्धवट जळालेल्या गोळ्या सापडत होत्या. गोळ्या बदलूनही फरक पडला नाही. चार रात्री जिवाला घोर लागला होता.

अखेर शेगडी पूर्ण थंड करून जळणपात्राच्या तळाची, राखेच्या खड्यांनी बुजलेली छिद्रे खिळ्याने मोकळी केली (पऱ्हाटीची राख लाकडापेक्षा जास्त पडते), पंख्याची पाती पुसली, फीड 3 वर आणून हवा 4 वर नेली, आणि ज्योत पिवळी व तेज झाल्यावरच, दर वेळी 20 मिनिटे थांबून, आधी हवा व मग फीड असे एकेक अंकाने वाढवले. हवेवाचून जादा गोळ्या नुसत्या धुमसतात. पहाटे तापमान 33 अंश होते. कोपऱ्यात दाटणारी पिल्ले शेडभर पसरून दाणे टिपत होती.