खुर्ची फेकणाऱ्या मुलाला गणित शिकवताना

परदेशात, वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना शिकवायला जाण्याच्या विचारात असलेली, नुकतीच बी.एड. झालेली मुले-मुली ओळखीतून ओळख काढत मुलुंडला माझ्या घरी येतात. त्यांचा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो, दुसरा पगाराचा, आणि चहा संपत आल्यावर, आवाज थोडा खाली आणून, तिसरा येतो: "बाई, ती मुले शिक्षकांवर हात उगारतात हे खरे का?" मी उत्तराची सुरुवात या तिसऱ्या प्रश्नापासून करते. खरे आहे. इंग्लंडमधील सात वर्षांच्या नोकरीत मला दोनदा लागले, एकदा फेकलेली खुर्ची नडगीवर आदळून आणि एकदा आपटलेल्या दारात बोटे सापडून. शिव्यांचा हिशेब मी ठेवला नाही. परंतु पहिल्याच सत्रात मी नोकरी सोडण्याच्या बेतात आले होते, त्याला ना खुर्ची कारण होती ना शिव्या. कारण होता माझा दुखावलेला मान, आणि त्याविषयी मला कोणीही आधी सांगितले नव्हते.

लालबागमधील मराठी माध्यमाच्या शाळेत मी नऊ वर्षे गणित शिकवले. वर्गाचा पट ५८ होता आणि वर्गावर माझा वचक होता, हे आज थोड्या संकोचाने सांगते. मी दारात उभी राहिले की गलबला थांबत असे. हा वचक आपण कमावला आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्यातील बराचसा 'बाई' या शब्दानेच मला आयता दिलेला होता. आपल्याकडे मूल शाळेत येते तेच शिक्षकांना मान द्यायचा असतो हे ऐकून. मी ज्या मुलांपुढे जाऊन उभी राहिले त्यांना मोठ्या माणसांवर विश्वास न ठेवण्याची सबळ कारणे मिळालेली होती, आणि दारात उभी असलेली, वेगळ्या उच्चारांत इंग्रजी बोलणारी बाई त्यांच्या दृष्टीने त्या मोठ्या माणसांपैकीच आणखी एक होती.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही २०१४ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील एका शहरात गेलो आणि पुढच्या वर्षी मी एका एजन्सीकडे नाव नोंदवले. एजन्सीने "लहान वर्ग, चांगले वातावरण" एवढे सांगून मला पाठवले; तो वर्ग कोणत्या मुलांचा आहे हे मला पहिल्या दिवशी फाटकाशी कळले. म्हणून माझा पहिला व्यावहारिक सल्ला असा की जागा स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: वर्गात मुले किती आणि मोठी माणसे किती, मुलांना हाताळण्याचे प्रशिक्षण पहिल्या दिवसाआधी मिळणार की नंतर, आणि प्रसंग घडून गेल्यावर शिक्षकाशी बोलायला कोण बसते. तिसऱ्या प्रश्नाला जी शाळा गोंधळून उत्तर देते, तिथे जाऊ नये. माझ्या वर्गात आठ मुले, मी आणि दोन सहायक होते. लालबागच्या सवयीने मला आठ हा आकडा सुट्टीसारखा वाटला होता.

तेथील व्यवस्था आधी समजून घ्यावी, कारण तिचे शब्द रोजच्या बोलण्यात येतात. पूर्वी अशा मुलांच्या गटाच्या नावातच 'वर्तन' हा शब्द होता. विशेष गरजा असलेल्या मुलांविषयीच्या नव्या आचारसंहितेने, जिची प्रचलित आवृत्ती जानेवारी २०१५ ची आहे, तो शब्द काढून 'सामाजिक, भावनिक आणि मानसिक आरोग्यविषयक अडचणी' असे नाव दिले. शाळेत सगळे त्याला एसईएमएच म्हणतात. हा नुसता नावातील बदल आहे असे मला आधी वाटले होते, पण त्यामागे निश्चित भूमिका आहे: वर्तन म्हणजे दुखणे नव्हे, दुखण्याचे लक्षण. २०१४ च्या कायद्याने अशा अनेक मुलांसाठी ईएचसीपी नावाचा, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा, आराखडा असतो, जो गरज असल्यास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत चालू राहू शकतो. त्यातील 'बी' विभागात मुलाच्या गरजा आणि 'एफ' विभागात त्याला शाळेने काय द्यायचे हे लिहिलेले असते. नवे शिक्षक तेवढेच वाचतात. मी 'ए' विभाग आधी वाचायला शिकले, कारण तिथे मुलाचे आणि पालकांचे स्वतःचे म्हणणे असते. एका मुलाने तिथे फक्त एवढेच सांगितले होते की त्याला कोणी मागून आलेले आवडत नाही. त्या एका वाक्याने मला वर्गात कुठून चालायचे ते शिकवले.

आता खुर्चीची गोष्ट. तेरा वर्षांचा मुलगा, आमच्याकडे येण्याआधी दोन शाळांनी काढून टाकलेला. तिकडे मुख्याध्यापक मुलाला एका शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त ४५ दिवस निलंबित करू शकतात, आणि त्यापुढची पायरी म्हणजे कायमची हकालपट्टी. याने दोन्ही पाहिले होते. मी त्याला फळ्यावरचे शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगितले. त्याने नकार दिला. मी लालबागच्या पद्धतीने आवाज चढवून पुन्हा सांगितले, त्याच्या बाकाजवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत उभी राहिले. यानंतर जे झाले त्यात खुर्चीचा वाटा शेवटचा होता.

त्या संध्याकाळी मला एक तक्ता भरायला दिला गेला, ज्यात घटनेच्या आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले असे तीन रकाने असतात. त्यात 'उद्धटपणा केला' असे लिहिलेले चालत नाही. जे डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहायचे. मला ही कारकुनी वाटली आणि मी ती कुरकुरत केली. दोन आठवड्यांत सहा तक्ते साठले तेव्हा सहायक बाईंनी, ज्या या कामात वीस वर्षे होत्या, ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले. सहाही प्रसंगांच्या पहिल्या रकान्यात एकच गोष्ट होती: वाचायला सांगितले. त्या मुलाला वाचता येत नव्हते. तेराव्या वर्षी ते आठ जणांत उघड होण्यापेक्षा वर्गाबाहेर काढले जाणे त्याला परवडत होते, आणि खुर्ची हा बाहेर जाण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होता.

पुढे मी उदाहरण स्वतः वाचू लागले. तेव्हा लक्षात आले की त्याची तोंडी वजाबाकी माझ्यापेक्षा चपळ आहे, कारण आजोबांबरोबर तो डार्ट्स खेळत असे आणि त्या खेळात ५०१ पासून खाली मोजत शून्यावर यायचे असते. आम्ही वर्षभर डार्ट्सच्या हिशेबावर गणित केले. वाचन दुसऱ्या शिक्षकाने स्वतंत्र खोलीत सुरू केले आणि ते फार सावकाश पुढे सरकले. तो मुलगा सुधारला असे मी म्हणणार नाही. त्याने पुढेही दारे आपटली, आणि माझी बोटे सापडली ते दार त्याचेच. पण खुर्ची पुन्हा उचलली नाही.

या नोकरीत जे शिकले ते बहुतेक न करण्याविषयीचे होते. मूल पेटलेले असताना उपदेश करायचा नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, अडवून उभे राहायचे नाही, बाकीच्यांना प्रेक्षक होऊ द्यायचे नाही. आवाज खाली आणायचा, शब्द कमी करायचे, बाजूला उभे राहायचे आणि वेळ द्यायचा. शिक्षा टळत नाही, पण ती डोके शांत झाल्यावर आणि आधी सांगितलेली असेल तेवढीच होते. सर्वांत अवघड भाग दुसऱ्या दिवशी सकाळी असतो: काल ज्याने तुमच्या उच्चारांची नक्कल करून वर्ग हसवला, त्याला दारात नाव घेऊन "ये" म्हणायचे, आणि तेही मनापासून. रुसवा धरण्याची मुभा तिथे शिक्षकाला नसते, हे माझ्यासारख्या कोकणी माणसाला शिकायला फार वेळ लागला.

वर्णावरून आणि उच्चारांवरून होणाऱ्या शेरेबाजीविषयी वेगळे सांगते, कारण नवे लोक ती गिळतात. त्या क्षणी उत्तर देऊन उपयोग नसतो हे खरे, पण प्रसंग त्याच दिवशी लेखी नोंदवावा आणि त्यावर शाळेने काय केले ते विचारावे. आपण पाहुणे आहोत, कशाला तक्रार करा, हा विचार मनात येतो; मी सुरुवातीला तसे करून काहीही मिळवले नाही.

स्पर्शाच्या बाबतीत आपल्या सवयी पूर्णपणे बाजूला ठेवाव्या लागतात. पाठीवर थाप, डोक्यावरून हात, मनगट धरून जागेवर नेणे हे लालबागमध्ये मी दिवसातून वीसदा करत असे. तेथील कायदा, म्हणजे २००६ च्या शिक्षणविषयक कायद्याचे ९३ वे कलम, कोणाला इजा होऊ नये यासारख्या कारणांसाठी शाळेतील माणसांना वाजवी बळ वापरण्याचा अधिकार देतो. पण प्रशिक्षण मिळेपर्यंत मुलाला हात लावू नये आणि लावावा लागला तर तासाभरात लिहून ठेवावे, हे पथ्य मी पाळले आणि त्याने मला एकदा मोठ्या चौकशीतून वाचवले. मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या सरकारी पुस्तिकेचा पहिला भाग प्रत्येक शिक्षकाला वाचावाच लागतो. तो सही करण्यापुरता न चाळता खरोखर वाचावा. मुलाने घरातील काही सांगितले तर "कोणाला सांगणार नाही" असे वचन कधीही देऊ नये.

सकाळी आमच्या वर्गात टोस्ट भाजले जात. हे मला आधी लाड वाटले. पण लंडनच्या हॅकनी भागात १९६९ मध्ये मार्जोरी बॉक्सॉल या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांनी जे छोटे 'नर्चर ग्रुप', म्हणजे मुलांची जपणूक करणारे गट, सुरू केले, त्यांत एकत्र बसून खाणे हा शिकवण्याचाच भाग होता, आणि ती परंपरा अनेक शाळांत टिकून आहे. उपाशी मूल आठ वाजता जेवढे चिडते तेवढे पोट भरल्यावर चिडत नाही, यासाठी मानसशास्त्र लागत नाही. कोणत्याही आजीला विचारावे. सुट्टीचे मात्र मला कोणत्याही आजीने सांगितले नव्हते. नाताळच्या आधीचे दोन आठवडे वर्षातील सर्वांत वाईट असत. मुंबईत सुट्टी जवळ आली की मुले फुलतात, म्हणून मला हे उमगेना. ज्या मुलांच्या घरी वेळेवर जेवण, ठरलेला दिवस आणि न ओरडणारे माणूस नसते, त्यांना शाळा बंद होण्याची धास्ती वाटते आणि ती धास्ती मारामारीतून बाहेर पडते. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हाही अशा मुलांसाठी शाळेची दारे उघडी ठेवण्याचे सरकारचे धोरण होते, आणि आमच्याकडे काही मुले रोज येत राहिली.

स्वतःची काळजी हा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण त्यावर सगळेच बोलतात. घरी आल्यावर माझ्याच्याने बोलवत नसे. मुलुंडला आईला फोन करावा तर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, म्हणजे माझी संध्याकाळ होईपर्यंत ती झोपलेली. शाळेतील त्या पंधरा मिनिटांच्या बोलण्याने, जे प्रसंगानंतर सक्तीचे होते, मला टिकवले.

कागदपत्रांच्या बाबतीत माझा मार्ग आज जसाच्या तसा उपयोगी नाही. मी आधी सहायक म्हणून वर्षभर काम केले, मग परदेशी शिक्षकांना असलेल्या चार वर्षांच्या सवलतीत शिकवले आणि त्या मुदतीत मूल्यमापन देऊन क्यूटीएस, म्हणजे तेथील शिक्षकाची पात्रता, मिळवली. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र झालेल्या, ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना क्यूटीएससाठी थेट अर्ज करण्याची सोय झाली आहे. व्हिसाचे नियम आणि शुल्क वारंवार बदलतात, म्हणून एजंटाच्या तोंडून न ऐकता ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावेत. पारपत्र कार्यालयाचा पोलीस दाखला आणि क्षयरोगाची तपासणी यांना लागणारा वेळ आधीच धरावा.

त्याहून महत्त्वाची तयारी मुंबईतच होऊ शकते. डोंगरी किंवा मानखुर्द येथील बालगृहांत स्वयंसेवी संस्था शिकवण्याचे काम करतात. एखाद्या संस्थेमार्फत सहा महिने जाऊन पाहावे. विशेष शिक्षणातील बी.एड. करायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलेच करावे. ज्यांना हे काम सोसणार नाही त्यांना ते इथेच, घरच्या जेवणावर, कळलेले बरे.

२०२२ मध्ये परतल्यावर मी पुन्हा शाळेत जाते, आठवड्यातून तीन दिवस. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे, परंतु त्याऐवजी काय करायचे हे शिक्षकाला कोणी शिकवत नाही, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यातील २१ प्रकारांत नुसत्या वर्तनाच्या अडचणीला स्वतंत्र जागा नाही. आठ मुलांसाठी शिकलेली पद्धत पन्नासांच्या वर्गात जशीच्या तशी चालत नाही, आणि चालते असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तीन रकान्यांचा तक्ता मात्र चालतो. त्याला एक वही आणि पाच मिनिटे लागतात. लालबागच्या दिवसांत एका वांड मुलाला मी आठवड्यातून दोनदा तरी वर्गाबाहेर उभे करत असे. तो नेमका कशाच्या आधी दंगा करायचा, हे आज मला आठवत नाही, कारण मी ते कधी लिहिलेच नाही.

शेवटची एक सूचना निघण्याच्या दिवसांसाठी. तेथील शाळा सोडताना, कोणत्या वयोगटाला, कोणत्या विषयात आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकवले, हे स्पष्ट लिहिलेले अनुभवपत्र शाळेच्या शिक्क्यासह हातात घेऊनच विमानात बसावे. मी नंतर मागवले आणि ते मुलुंडला पोहोचायला पाच महिने लागले, तेही माझ्या आडनावातील एक अक्षर गाळून.