बँकेने फाइल परत केली? त्यानंतर होणाऱ्या या चुका टाळा

नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, वाठोडा या भागांत प्लॉट किंवा रो-हाउस घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हा प्रसंग येतो. घर पसंत पडतं, इसार दिला जातो, बँकेत फाइल लागते आणि बँकेचा वकील सांगतो की आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) नाही, कर्ज होणार नाही. सौदा मोडला तर इसार बुडेल ही धाकधूक असते. अशा वेळी कुणीतरी भेटतो आणि म्हणतो, "भाऊ, काही टेन्शन घेऊ नका, फाइल माझ्यावर सोडा." माणूस अडचणीत असतो म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवतो. अशा फसलेल्यांना लोभी म्हणणं अन्यायाचं आहे. पण त्या घाईत ज्या चुका होतात, त्या टाळता येतात.

पहिली आणि माझ्या मते सगळ्यात महाग चूक म्हणजे नकाराचं कारण न विचारता दुसरं दार शोधणं. अर्ज नाकारला तर त्याचं मुख्य कारण बँकेने लेखी कळवायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते मागून घ्या. कारण उत्पन्नाचं असेल तर कर्जाची रक्कम कमी करणं किंवा सहअर्जदार घेणं हा उपाय असतो. क्रेडिट स्कोअरचं असेल तर आधी स्वतःचा रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. जुनं, फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय, अशा चुका त्यात सापडतात आणि दुरुस्तही होतात. पैसे घेऊन "सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्याची त्यासाठी काहीच गरज नाही.

कारण कागदाचं असेल तर मात्र थांबा. नागपुरात शेतजमिनीवर एनए (बिगरशेती) न करता पाडलेले ले-आउट भरपूर आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली त्यातले अनेक प्लॉट नियमित झाले, सगळे नाहीत. विकणारा सांगतो, "डिमांड भरलेली आहे." डिमांडची, म्हणजे नियमित करण्यासाठी मागितलेल्या रकमेची पावती म्हणजे आरएल नव्हे. आरएलचं पत्र हातात घ्या, त्यावरचा खसरा क्रमांक, मौजा आणि प्लॉट क्रमांक विक्रीपत्राशी ताडून पाहा, आणि ते पत्र खरं आहे की नाही हे ज्या कार्यालयाने दिलं तिथेच जाऊन विचारा. तो भाग नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) आहे, महापालिकेकडे की एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हे आधी कळायला हवं. आखीव पत्रिका किंवा सातबारा ताजा काढा. बँकेच्या वकिलाने जी त्रुटी दाखवली ती तुमच्या फायद्याचीच आहे. तिच्यावर पांघरूण घालून कर्ज काढून देणारा तुम्हाला वादातली जमीन विकत घ्यायला लावतो आहे.

फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहा आणि नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका. बिल्डरला त्याहून जास्त घेण्याची कायद्यानेच मनाई आहे. जुना फ्लॅट असेल तर तो आधीच कुठे गहाण आहे का, हे सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीत थोडी फी भरून शोधता येतं.

आता कर्ज देणाऱ्याची पडताळणी. गृहवित्त कंपन्यांची यादी राष्ट्रीय आवास बँकेच्या, म्हणजे एनएचबीच्या संकेतस्थळावर आहे आणि एनबीएफसींची, म्हणजे बिगरबँक वित्त कंपन्यांची, रिझर्व्ह बँकेच्या. यादीतलं नाव अक्षर न अक्षर जुळवा, कारण ठग नामांकित कंपनीच्या नावात एखादा शब्द घुसवून नवं नाव तयार करतात. नाव जुळलं तरी पत्ता आणि फोन यादीतून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, समोरच्याने दिलेल्या कार्डावरून नको. बँकांची संकेतस्थळं आता 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यात आली आहेत, तेही बघा.

बनावट मंजुरीपत्र ओळखणं अवघड नसतं, फक्त शांतपणे वाचावं लागतं. वर अशोकस्तंभ, खाली जांभळा गोल शिक्का, मध्ये "पंतप्रधान योजना", व्याजदर बाजारापेक्षा निम्मा, मंजुरी चोवीस तासांत, आणि शेवटी "आरबीआय अप्रूव्हल चार्ज" भरायला एक यूपीआय आयडी. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाला घरासाठी कर्ज देत नाही आणि कुणाचं कर्ज मंजूरही करत नाही. संविधान चौकातल्या तिच्या कार्यालयाचं नाव घेऊन कुणी पैसे मागितले तर बोलणं तिथेच संपवा.

पैशांच्या बाबतीत एक बारकावा आहे. "कर्जाआधी पैसे मागितले म्हणजे फसवणूक" हे सरसकट खरं नाही. खऱ्या बँका आणि गृहवित्त कंपन्याही लॉगिन किंवा प्रोसेसिंग फी आधी घेतात. ती संस्थेच्या नावाने जाते, तिची पावती मिळते. फाइल आणणाऱ्या एजंटला कमिशन बँक देते. म्हणून एजंट स्वतःच्या खात्यात पैसे मागत असेल, किंवा एकदा भरल्यावर "आता विम्याचे, आता जीएसटीचे, आता एनओसीचे" असा क्रम सुरू झाला, तर पुढचा रुपयाही देऊ नका. आधीचे अडकले आहेत म्हणून माणूस आणखी भरत जातो. इथेच थांबायला हवं, आणि घरच्यांना सांगायला हवं.

सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून येणारा वार्षिक दर असतो आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. "आजच सही करा" हे म्हणूनच खटकायला हवं. कोऱ्या धनादेशांवर सही नको.

खासगी सावकाराबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथलं नुकसान काही लाखांवर थांबत नाही, घर जातं. तो गहाणखत न करता थेट विक्रीपत्र करून मागतो. "नुसती सिक्युरिटी म्हणून हो, पैसे फेडले की परत करून देतो." दुय्यम निबंधकासमोर सही झाली की कागदावर तुम्ही घर विकलेलं असतं. अशी सही कितीही ओळखीच्या माणसासाठी करू नका. झाली असेल आणि सावकार विनापरवाना असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते कर्जापोटी झालेलं विक्रीपत्र असल्याचं निघालं तर मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो. व्याज भरल्याच्या चिठ्ठ्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, खात्यातले व्यवहार, सगळं जपून ठेवा. पुरावा तोच.

पैसे गेलेच असतील तर लाजून दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक जवळ ठेवा. आपल्या बँकेला कळवून नॅच मँडेट (खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी) आणि दिलेले धनादेश थांबवा. बिनपरवाना कंपनीची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर करा. परवानाधारक बँकेने किंवा एनबीएफसीने ३० दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं; गृहवित्त कंपनीची तक्रार मात्र एनएचबीकडे करावी लागते. लोकपालाची माहिती १४४४८ वर मिळते. आधार आणि पॅनच्या प्रती ठगाकडे गेल्या असतील तर पुढचे काही महिने क्रेडिट रिपोर्ट पाहत राहा. तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच हरकत नोंदवा; ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.