आवडत्या बेसवादकाला भेटताना
‘मी तुमचा किती जुना चाहता आहे’ हे बेस गिटार वाजवणाऱ्यांनी हजारदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा वाजवण्याबद्दलचा एकच नेमका प्रश्न मनात तयार ठेवा: तारा फ्लॅटवाउंड (वरून चपटी तार गुंडाळलेल्या) की राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या)? बोटं की पिक (तारा छेडायची छोटी चकती)? मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने तारा छेडायचे. अशा बारकाव्यांवर बेसवाले खुलतात. (बँडमधल्या गिटारवाल्याची चौकशी मात्र नको, बिचारे आयुष्यभर तेच ऐकत आलेत.)

सही हवी असेल तर अख्खा बेस उचलून नेऊ नका. स्क्रू काढून नुसता पिकगार्ड (बेसच्या दर्शनी बाजूवरचा संरक्षक पत्रा) न्या. पेंट मार्कर स्वतःचाच ठेवा, आधी कागदावर चालवून बघा आणि सही सुकेपर्यंत बोट लावू नका. आणि हो, कार्यक्रमाआधी भेटलात तर त्यांचा हात करकचून दाबू नका.