बिल्डिंग किती वीज खाते ते मोजायचं कसं

हॉटेल, हॉस्पिटल किंवा मोठं ऑफिस चालवत असाल तर बिलाच्या रुपयांवरून वीज वाया जाते का ते कळत नाही, दर बदलला की रक्कम बदलतेच, म्हणून आधी युनिटवर या.

मागच्या 12 महिन्यांची महावितरणची बिलं काढा. एचटी म्हणजे उच्च दाबाच्या कनेक्शनला पैसे केव्हीएएचवर (कामी न येणारी वीजही धरलेला आकडा) लागतात पण आपल्याला केडब्ल्यूएच, म्हणजे खरे कामी आलेले युनिट हवेत. सोलर असेल तर नेट (घेतलेल्यातून परत दिलेले वजा केलेले युनिट) नको, ग्रिडमधून आलेले युनिट घ्या आणि सोलरचे तिथेच वापरलेले त्यात मिळवा, जनरेटरचेही मिळवा. या बेरजेला पार्किंग सोडून उरलेल्या बांधकामाच्या चौरस मीटरने भागा, झाला तुमचा ईपीआय, म्हणजे चौरस मीटरमागे वर्षाचे युनिट. समजा 40 हजार चौरस फूट म्हणजे साधारण 3,716 चौरस मीटर आणि वर्षाला 5 लाख 20 हजार युनिट, तर ईपीआय 140. ऑफिसांना बीईईचं (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) स्टार रेटिंग ईपीआयवरच मिळतं, फक्त तिथे स्वतःच्या सोलरचे युनिट धरत नाहीत.

हॉटेलवाल्यांनी भरलेल्या रूममागे किती युनिट हेही काढाच, आणि ते आत्ताच, कारण आपल्या नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थात रूम फुल्ल असताना नुसता ईपीआय बघितला तर उगाच घाबरायला होईल. तुलना एप्रिलची मागच्या एप्रिलशीच करा, आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत एसी बंदच असतात.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट, रात्रीचा लोड. ऑफिस बंद झाल्यावर 11 ला मीटरचा फोटो काढायला सांगा, पहाटे 5 ला परत. फरक गुणिले बिलावरचा एमएफ (मीटरच्या रीडिंगला गुणायचा आकडा), भागिले 6, म्हणजे रात्रीचे सरासरी किलोवॅट. कोणी नसताना 20 किलोवॅट फुकट चालू असेल तर रोज 8 तासांनी वर्षाला 58,400 युनिट गेले, वरच्या उदाहरणात अकरा टक्के! मग इलेक्ट्रिशियनला पॅनलवर पाठवा, क्लॅम्प मीटरने (वायरभोवती लावून करंट मोजतात ते) एकेक फीडर, म्हणजे पॅनलमधून निघणारी लाइन बघायची, एएचयू (एसीची थंड हवा फिरवणारं युनिट), पंप, साइनबोर्ड, जो चालू सापडेल तो लिहून ठेवायचा.

चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं मशीन) असेल तर एक हिशोब अजून. तासाला किती लिटर पाणी फिरतं गुणिले जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, भागिले 3024, म्हणजे टन (थंडाव्याचं माप, वजन नाही). 60 हजार लिटर, 5 डिग्री, म्हणजे 99 टन. कॉम्प्रेसर तेव्हा 90 किलोवॅट घेत असेल तर टनामागे 0.9 किलोवॅट, आणि हा आकडा दर महिन्याला सारख्याच लोडवर घ्या, वाढत गेला तर आधी कंडेन्सर (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा भाग) साफ करून घ्या.